तास किती भरले?

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत मूल मेडिकलला जायचं म्हणालं की आपल्या मराठी घरांत पहिला प्रश्न येतो, "पेशंटमध्ये काम केल्याचे तास किती लागतात?" साहजिक आहे. भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या ७२० पैकी गुणांवर ठरतो. दवाखान्यात कधी पाऊल टाकलंस का, असं कुणी विचारत नाही. मग इथेही आपण कटऑफच शोधतो.

तो बहुतेक कॉलेजं छापतच नाहीत. 'एमकॅस' या सामायिक अर्जात जास्तीत जास्त १५ अनुभव लिहिता येतात, त्यांतले ३ सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडून त्यांवर थोडं अधिक लिहायचं. तासांचा रकाना असतो, पण नुसत्या मोठ्या आकड्यावर मुलाखतीत दोन मिनिटंही बोलता येत नाही.

ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या मागे चार दिवस उभं राहणं म्हणजे शॅडोइंग. तेही करावं, डॉक्टरांचा किती वेळ कॉम्प्युटरवर नोंदी करण्यात जातो हे तरी दिसतं. पण तिथे मूल प्रेक्षक असतं. आजारी माणसाला धरून उठवणं, त्याची चिडचिड ऐकून घेणं हे वेगळं. त्यासाठी ईएमटीचा, म्हणजे अॅम्ब्युलन्समधल्या प्रथमोपचार कर्मचाऱ्याचा, कोर्स करून स्वयंसेवी अॅम्ब्युलन्स पथकात जाता येतं, किंवा नर्सिंग असिस्टंटची नोकरी धरता येते.

माझं मत विचाराल तर हॉस्पिसकडे, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या सेवेकडे बघा. आपले पालक ते नाव ऐकून कचरतात, "मरणाच्या दारात कशाला पाठवायचं पोराला?" म्हणतात. पण मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नियमानुसार तिथल्या पगारी माणसांच्या पेशंटसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के इतकं काम स्वयंसेवकांकडून व्हावं लागतं, त्यामुळे माणसं कायम हवी असतात. काम साधं असतं. शेजारी बसायचं, वाचून दाखवायचं, घरच्यांना तासभर बाहेर जाऊ द्यायचं. बरं होणार नाही अशा माणसाजवळ बसवतं का, हे अर्ज करण्याआधी कळलेलं बरं.

आणि एक सांगतेच. सुट्टीत सांगली-कोल्हापूरला मामांच्या हॉस्पिटलात जाऊन "इंजेक्शनं दिली, टाके घातले" असं अर्जात लिहू नका. इथे ज्याची परवानगी नाही ते तिथल्या गरीब पेशंटवर करून पाहणं निवड समितीला खटकतं, आणि खटकायलाच हवं. अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, एएएमसीची, याबाबत लेखी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मामांकडे जरूर जा, पण बघा, विचारा, हात मागे ठेवा.

अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीला जातात, म्हणून मुलं वसंतात धावाधाव करतात. पण हॉस्पिसमध्येही आधी पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण, बऱ्याच ठिकाणी टीबीची चाचणी, यांत आठवडे जातात. मेडिकलआधीच्या पदवी कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फोन करा, आणि तो आईबाबांनी नाही, मुलानं किंवा मुलीनं स्वतः करू दे.