आधी हद्द, मग खांब

बसा बसा, पुढे जागा आहे अजून. विषय तुम्हाला माहितीये, रेल्वे सिम्युलेटरच्या गेममध्ये रूट, म्हणजे आपला रेल्वेमार्ग, बनवताना सिग्नल कसे लावायचे. इथे प्रत्येकाने कधी ना कधी रूळ टाकलेत, फलाट मांडलेत, झाडं लावलीयेत, त्यामुळे एडिटर कसा उघडायचा वगैरे मी सांगत बसणार नाही. जरा हात वर करा, सिग्नल सगळ्यात शेवटी लावणारे किती जण? बघा, जवळजवळ सगळेच. मग आज मला तुमच्याशीच बोलायचंय.

माझं म्हणणं असं की सिग्नल म्हणजे खांब नव्हे. खांब, दिवे, शिडी हे सगळं आपल्या डोळ्यांसाठी आहे. गेमला खांब दिसतच नाही, त्याला दिसते रुळावरची एक हद्द, आणि त्या हद्दीच्या आत गाडी आहे की नाही एवढंच तो बघतो. 'ट्रेन सिम्युलेटर' या गेममध्ये या हद्दीला लिंक म्हणतात. शून्य नंबरची लिंक सिग्नलच्या लगेच पुढे ठेवायची, आणि पुढे सांधे, म्हणजे रूळ फाटतो ती जागा, असतील तर सांधे ओलांडून प्रत्येक फाट्यावर एकेक लिंक, एक, दोन, तीन अशी. खांब उचलून दहा मीटर मागे ठेवला तर फार काही बिघडत नाही, पण लिंक दहा मीटर सरकली की अख्खं स्टेशन अडकतं.

आता माझ्यावर काय बेतलं ते ऐका. एकेरी मार्गाचा रूट, मधे एक क्रॉसिंग स्टेशन, एक मेन लाइन, एक लूप, म्हणजे बाजूला थांबायचा रूळ. मालगाडी लूपवर येऊन थांबणार, मागून पॅसेंजर मेन लाइनवरून निघून जाणार, याच्याहून साधं काय असतं सांगा. टेस्ट केली, झकास चालली. दुसऱ्या दिवशी सिनारिओ लावला तर पॅसेंजर होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलला, उभी, सिग्नल लाल, हलायलाच तयार नाही. सांधे मेन लाइनला लागलेले, मेन लाइन रिकामी, तरी लाल. मी सिग्नलचं मॉडेल बदललं, टाइमटेबल बदललं, सांधे उखडून पुन्हा टाकले, आणि गंमत म्हणजे मधेच एखाद्या दिवशी सगळं नीट चालायचं, मग मी खूश, मग परत लाल. असे दोन महिने गेले, रोज संध्याकाळी तेच. शेवटी एकदा सहज मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, मोजल्या. ज्या दिवशी चालायचं त्या दिवशी मालगाडी ३८ वाघिणींची, आणि ज्या दिवशी अडायचं त्या दिवशी ४२ ची.

कळलं ना? लूपवरची लिंक मी सांध्यापासून फार आत ठेवली होती, सरळ रुळावर जरा मोकळी दिसते म्हणून. लहान मालगाडी पूर्ण आत जायची. मोठीच्या शेवटच्या दोन वाघिणी लिंकच्या अलीकडे राहायच्या. शून्य नंबरची लिंक ते फाट्यावरच्या लिंका, एवढा तुकडा होम सिग्नलच्या ताब्यातला, त्यात कोणीही उभं असलं की सिग्नल लाल, मग सांधे कुठेही लागलेले असोत. गेमचं काहीच चुकलं नव्हतं. त्या वाघिणी शेजारच्या रुळाला खेटत नव्हत्या, जागा भरपूर होती, पण मीच हद्द तिथे आखली होती ना.

आणि उलटं केलं तर? लिंक सांध्याच्या अगदी जवळ ठेवली तर गेम म्हणतो गाडी आत आली, आणि प्रत्यक्षात तिची शेपटी शेजारच्या रुळावर आडवी असते. मग पॅसेंजर तिच्या आरपार निघून जाते, ते बघवत नाही. खऱ्या रेल्वेत दोन रूळ जिथे एकमेकांना खेटायला लागतात तिथे फाउलिंग मार्क असतो. लिंक त्याच्या जरा आतच हवी, त्याहून लांब नको आणि जवळ तर मुळीच नको. रूळ टाकतानाच तिथे एखादा दगड, पाटी, काहीतरी खूण करून ठेवा. मी आता सिग्नलच्या आधी खुणा लावतो.

जाता जाता एक सांगतो, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हद्दीची ही कल्पना रेल्वेला फुकट मिळालेली नाही. पूर्वी गाड्या वेळ मोजून सोडायचे, पहिली गेली की ठरावीक मिनिटांनी दुसरी. १८८९ साली आयर्लंडमध्ये आर्माजवळ एक गाडी चढावर अडली, म्हणून तिचे मागचे डबे सोडवून वेगळे केले, ते उतारावरून घरंगळत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची केली, म्हणजे एका तुकड्यात एकच गाडी, घड्याळ काहीही सांगो. तुकडा भरलेला आहे हे विजेने ओळखणारं ट्रॅक सर्किट अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्येच काढलं होतं. सिम्युलेटर आपल्याला हे सगळं आयतं देतो, आपण फक्त तुकडे नीट पाडायचे. म्हणून कोणी नुसते शोभेचे सिग्नल लावून रूट देतं आणि वर म्हणतं "हिरवे होतात की", तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

दहाच मिनिटं उरलीत म्हणे आणि मुख्य भाग राहिलाच की. पटापट सांगतो.

सिग्नल शेवटाकडून मागे लावत या. प्रत्येक सिग्नलचा रंग पुढच्यावर ठरतो, म्हणून आधी गाडी कुठे थांबणार ते ठरवा, मग फाउलिंग मार्क, मग स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून निघतानाचा सिग्नल, मग होम, आणि सगळ्यात शेवटी डिस्टंट, म्हणजे होमच्या आधी सावध करणारा. होमच्या पुढे थोडी रिकामी जागा सोडा, गाडी जरा घसरली तरी चालावं म्हणून, तिला ओव्हरलॅप म्हणतात, ब्रिटनमध्ये साधारण १८० मीटर धरतात.

डिस्टंट किती लांब, तर ब्रेक लागायला जितकं अंतर लागतं तितका तरी हवाच. दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद वेग कमी होतो असं धरा, ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला साधारण १९० मीटर लागतात, १०० ला सुमारे ७७० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यात शंभरात एकचा उतार असला तर तेच ७७० चे ९६० होतात, आणि मालगाडीचे ब्रेक याहूनही मऊ. रूटवर सगळ्यात वाईट थांबणारी गाडी कुठली ते बघा आणि तिच्या हिशोबाने लावा.

तीन रंगांचे सिग्नल असतील तर दोन खांबांमधलं अंतर म्हणजे किमान ब्रेकचं पूर्ण अंतर. चार अवस्थांचे असतील तर डबल पिवळा एक सिग्नल आधीच सावध करतो, मग दोन तुकडे मिळून ते अंतर भरलं तरी चालतं, खांब दाट लावता येतात आणि गाड्या जास्त सोडता येतात. 'ओपन रेल्स' हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी, एका फाइलमध्ये सिग्नलचं रूप आणि दिवे, दुसऱ्यात स्क्रिप्ट, कधी कुठला रंग ते. रंग चुकला तर आधी स्क्रिप्ट बघा, मॉडेल बदलत बसू नका.

टेस्ट करताना सगळ्यात लांब गाडी घ्या, लूपवर उभी करा, आणि तिची शेवटची वाघीण कुठे आहे ते कॅमेरा मागे नेऊन बघा. मग मेन लाइनवरून दुसरी सोडा. हां, प्रश्न विचारा आता, त्या कोपऱ्यातून सुरुवात करूया.