बर्डीचा ठिपका

(दृश्य: नागपूर मेट्रोचं सीताबर्डी इंटरचेंज, एकीवरून दुसरी गाडी)

सकाळची बर्डी. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज लाइन, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही ॲक्वा. दोघी इथे एकमेकींना छेदतात. जिन्यावरच्या या मुलीचे बीएस्सीला दोन विषय आहेत, गणित आणि कॉम्प्युटर सायन्स. नोकरी कॉम्प्युटरवर लागते, मग गणित कशाला, असं घरी अजूनही विचारतात.

(दृश्य: फळा)

मेट्रोचा नकाशा तिनं फळ्यावर उतरवलाय. स्टेशन म्हणजे ठिपका. येण्याजाण्याचे रूळ मिळून एक रेघ. प्रश्न असा: एकही रेघ दोनदा न घेता अख्खी मेट्रो फिरता येईल का?

लॅबमधला पायथॉनचा प्रोग्राम एकेक वाट चालून बघतो. क्षणात उत्तर येतं, नाही. का नाही, ते पडद्यावर येत नाही. आणि रेघांचं जाळं दाट केलं, की वाटा इतक्या होतात की हाच प्रोग्राम अडकून बसतो.

आता खडू. मधल्या स्टेशनात एका रेघेनं आलात की दुसरीनं निघायचं, म्हणजे रेघा जोडीनं संपतात. विषम रेघांचा ठिपका फक्त प्रवासाच्या सुरुवातीला किंवा शेवटी खपतो. फार तर दोन. मोजा: बर्डीला चार रेघा, चारही टोकांना एकेक, बाकी सगळ्यांना दोन-दोन. विषम ठिपके चार. संपलं. कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल, एकही दोनदा न ओलांडता, फिरता येतील का? गणितज्ञ ऑयलरनं 1736 च्या सुमारास या प्रश्नाचा निकाल असाच लावला, कागदावर: नाही.

तिचा नवा प्रोग्राम वाटा चालतच नाही. ठिपक्यांच्या रेघा मोजतो, विषम किती ते बघतो. ठिपके लाखभर असले तरी चालतं. जाळं सलग आहे ना, हे आधी तपासायचं असतं; ते ती विसरली होती, गणिताच्या सरांनी पकडलं. कॉम्प्युटरच्या तासाला तो चुकीचा प्रोग्राम व्यवस्थित चालला होता!

दोन्हीकडचा अभ्यास झेपत नाही म्हणून काही जण गणित सोडतातही.

(दृश्य: संध्याकाळ, ॲक्वा लाइन)

लोकमान्य नगर. डबा रिकामा झालाय. एकच रेघ असलेला ठिपका. गाडी आली तशीच बर्डीकडे परत निघते.