नावाआधी लिपी: संगणक फॉन्ट कसा निवडतो

(पडद्यावर एक जुनी फाइल उघडते. मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरं.)

निवेदन:
ही फाइल बिघडलेली नाही. ज्या फॉन्टमध्ये ती लिहिली, तो या संगणकात नाही. म्हणून संगणकानं दुसरा निवडला. कसा?

प्रोग्रॅम फॉन्ट मागतो, तेव्हा विंडोजकडे वर्णन जातं: नाव, उंची, जाडी, तिरकेपणा, कॅरेक्टर सेट (म्हणजे कोणत्या लिपीची अक्षरं). हुबेहूब तसा फॉन्ट नसेल, तर ‘फॉन्ट मॅपर’ हाताशी असलेले फॉन्ट तपासतो आणि जिथे वर्णन जुळत नाही, तिथे दंडाचे गुण लावतो. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो फॉन्ट मिळतो. 1992च्या विंडोज 3.1मध्ये नाव जुळलं नाही तर दंड 10,000. कॅरेक्टर सेट जुळला नाही तर 65,000. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. वळण बदललं तरी मजकूर वाचता येतो. लिपीच बदलली तर काय वाचणार?

उपकरणही पाहिलं जाई. ठिपक्यांचे फॉन्ट ठरावीक पडद्यासाठीच बनवलेले असत: व्हीजीए या पडद्याच्या मानकासाठी इंचाला 96 ठिपके, 8514 या दुसऱ्या मानकासाठी 120. प्रिंटरचे फॉन्ट आणखी वेगळे. त्यामुळे एकाच मागणीला पडद्यावर एक आणि कागदावर दुसरा फॉन्ट मिळू शके.

(कळफलकावर बोटं. पडद्यावर ‘नमन’.)

मग मराठी का अडली? कृतिदेवसारखे जुने देवनागरी फॉन्ट स्वतःची नोंद रोमन म्हणून करत. ‘यू’च्या जागी न, ‘ई’च्या जागी म. फाइलमध्ये ‘नमन’ साठवलं जाई ते यू-ई-यू असं. फॉन्ट नसला की मॅपर इमानेइतबारे रोमन फॉन्ट देई. इथे देवनागरी हवी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं!

प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकानं ते सांगितलं. देवनागरीला स्वतःच्या 128 जागा मिळाल्या. विंडोज 2000सोबत अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला. आता मागितलेल्या फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसेल, तर तेवढ्यापुरता दुसरा फॉन्ट शोधला जातो. कुठेच सापडलं नाही, तर रिकामा चौकोन दिसतो.

(पडद्यावर ल आणि श, दोन्ही वळणांत.)

लिनक्सवर फॉन्ट निवडणारा ‘फॉन्टकॉन्फिग’ भाषाही विचारात घेतो. मराठीसाठी ते मोलाचं आहे, कारण आपला ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचा. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली, तरच मराठी वळण उमटतं. मराठी संकेतस्थळं बनवणाऱ्यांनी ही नोंद जरूर करावी. नाहीतर त्याच फॉन्टमधून हिंदी वळणाचा ल येतो.