पेवातला कंदील

(हरिपूर. पेवाचं तोंड, वर दगडी फरशी.)

सांगलीला लागून हरिपूर. इथं जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची. २००५ च्या महापुरात बरीचशी पेवं निकामी झाली. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. विझला तर आत श्वासाला हवा नाही, थांबायचं.

(मिरज. ब्राँकोस्कोपीची, म्हणजे नळी घालून फुप्फुस आतून बघायची खोली.)

हे काका यार्डात हळदीची पोती उचलायचे. दम्यासाठी बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या. आता ताप हटेना, सीटी स्कॅनमध्ये डाग. बेडका टीबीसाठी तपासला, निगेटिव्ह. रक्तात बुरशीची खूण शोधणारी अँटिजेन टेस्ट, तीही निगेटिव्ह. इथं घरच्यांना वाटतं, सुटलो.

पण मग कंदील आत सोडावाच लागतो. "काका, खोकला आला तर येऊ द्या, मान तेवढी हलवू नका." नळीतून सलाईन सोडलं, परत ओढलं. बाटलीत गढूळ, फेसाळ पाणी.

ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज हुंगतो. धडधाकट फुप्फुस त्यांना पचवून टाकतं. बुरशी आत रुजून तंतू फुटू लागले, की तिच्या पेशीभित्तिकेतलं गॅलॅक्टोमॅनन, साखरेच्या जातीचं एक द्रव्य, बाहेर सुटतं. टेस्ट शोधते ते हेच. केमोथेरपीनं पांढऱ्या पेशी खालावलेल्या रुग्णाच्या रक्तात ते बऱ्याचदा सापडतं. काकांसारख्यांच्या पांढऱ्या पेशी शाबूत असतात, त्या ते रक्तातून साफ करतात. म्हणून रक्त गप्प, आणि फुप्फुस धुतलेलं पाणी बोलतं.

(लॅब. एलायझा, म्हणजे रंगावरून ओळखायच्या टेस्टची, प्लेट.)

खळग्यांत गॅलॅक्टोमॅनन पकडणाऱ्या अँटिबॉडी चिकटवलेल्या. ते असेल तर पाणी निळं होतं, शेवटी आम्ल टाकलं की पिवळं. हळदीच्या गावात पिवळाच, काय करणार! मशीन रंगाची गडदाई मोजून इंडेक्स देतं. रक्तात ०.५ पासून संशय. या पाण्यात बहुतेक ठिकाणी १ ची रेघ धरतात.

बुरशीचं औषध आधीच सुरू असेल तर टेस्टला बुरशी निसटू शकते, म्हणून जमेल तिथं नमुना आधी. आणि २०२१ ची ती काळी बुरशी, म्युकर, या टेस्टला दिसतच नाही. तिच्यात गॅलॅक्टोमॅनन नसतंच. तिथं तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच बघायचं.

काकांचा खळगा गडद पिवळा. बुरशीचं औषध, व्होरिकोनॅझोल, लिहून झालं. बाहेर मुलगा चिठ्ठी उलटसुलट करत विचारतो, "म्हणजे टीबी नाही ना, मॅडम? मग गोळ्या किती महिने?"