स्वागतकक्षातून जाणारे हत्ती

नमस्कार श्रोतेहो. आज जायचंय झांबियात, लुआंग्वा नदीच्या काठी. आफ्रिकेच्या जंगलातलं महागडं लॉज म्हटलं की जाहिरातीत काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे: पांढरी मच्छरदाणी, लाकडी डेक, समोर नदी आणि हातात थंडगार पेला. हे सगळं तिथे असतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. जाहिरातीत एक गोष्ट दिसत नाही. या लॉजना कुंपण नसतं. पुन्हा सांगतो, कुंपण नसतं. तिथले सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान सुमारे 9,050 चौरस किलोमीटरचं आहे. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा त्याला 1972 साली मिळाला. मुख्य नदीवर मोठं धरण नाही, त्यामुळे पावसाळ्यात ती मनाला येईल तसं पात्र बदलते. काठ ढासळतात, एखादं वळण तुटून बाजूला पडतं आणि मागे तळं उरतं. शाळेत भूगोलात नालाकृती सरोवर शिकलो होतो ना, तेच. अशाच दोन तळ्यांच्या काठावर, उद्यानाच्या मुख्य फाटकापासून जवळ, म्फुवे लॉज आहे.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर आजचा विषय घेतला.

या लॉजच्या मधल्या अंगणात एक जुनं झाड आहे. त्याला तिथे रानआंबा म्हणतात. आपल्या हापूसशी त्याचं नातं नाही, हे झाड शेंगांच्या कुळातलं. फळ मात्र पिकलं की पिवळं होतं, खाली गळतं आणि हत्तींना त्याचं वेड असतं. 1990 च्या दशकाच्या शेवटी लॉज नव्याने बांधलं, तेव्हा स्वागतकक्ष नेमका या झाडाच्या वाटेत आला. पहिली पावसं जवळ आली, फळं पिकली आणि हत्तींचं एक कुटुंब नेहमीच्या वाटेने आलं. वाटेत इमारत उभी. आता हत्ती काय करतील? वळसा घालतील? नाही. पायऱ्या चढून स्वागतकक्षात शिरले, टेबलासमोरून सरळ पलीकडे गेले आणि झाडाखाली उभे राहिले.

पुढच्या हंगामात पुन्हा आले. त्यानंतर ती रीतच पडली. साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, फळ असेतोवर, हे कुटुंब येत राहिलं, कधी एका दिवसात दोन-तीनदासुद्धा. पुढे असायची एक वयस्क मादी. तिचा एक सुळा वाकडा, म्हणून लॉजवाल्यांनी तिचं नाव ठेवलं वाँकी टस्क. तिच्यामागे लेकी, नातवंडं आणि पायऱ्यांवर अडखळणारं एखादं पिल्लू. लक्षात घ्या, त्या जंगलात शेकडो हत्ती आहेत, पण स्वागतकक्षातून जायचे ते याच घरातले. वाट आजीने दाखवली, पिल्लांनी ती उचलली.

हे दृश्य जवळून कसं दिसतं ते सांगतो. पूर्ण वाढलेली हत्तीण तीन टनांच्या आसपास असते. तरी फरशीवर पावलांचा आवाज जवळजवळ येत नाही, कारण तळव्यात चरबीची जाड गादी असते आणि वजन तिच्यावर पसरतं. पायरी चढताना घाई नाही. पुढचा पाय टेकवून अंदाज घेते, मग मागचा पाय बरोबर त्याच ठशावर. झाडाखाली पोचल्यावर सोंडेची करामत बघावी. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेच्या टोकाला दोन बोटं असतात, आपल्याकडच्या हत्तीला एकच. त्या दोन बोटांच्या चिमटीत ती गळलेलं फळ एकेक करून उचलते, पाचोळा बाजूला ठेवून. आपल्या घरातल्या पोरांनी निम्म्या नीटपणे आंबा खाल्ला तरी आईचे पडदे वाचतील! असो.

तेवढा वेळ कामकाज थांबतं. नाव नोंदवायला आलेला पाहुणा जिथे असेल तिथून मागे सरतो, कर्मचारी मधली वाट मोकळी करतात. कोणी हुसकत नाही आणि कोणी चारतही नाही. चारत नाही, हे महत्त्वाचं. ज्या हत्तीला माणसाच्या हातून फळ घ्यायची सवय लागते, तो पुढे माणसाची गाडी फोडतो, खोली फोडतो, आणि शेवटी त्याला गोळी घालायची वेळ येते. काही वर्षांपूर्वी याच लॉजमधल्या एका हत्तीचे फोटो जगभर फिरले. गडी आंब्यांसाठी पाच फुटी भिंत ओलांडत होता. लोक हसले, पण त्यातून शिकायचं हे की तुमच्या खोलीचं दार त्याला अडवू शकत नाही. फळाचा वास आला की दार म्हणजे फक्त एक पायरी.

म्हणून पहिला नियम: खोलीत फळ ठेवायचं नाही. संत्रं, मोसंबी तर अजिबात नाही, लिंबूवर्गाचा वास हत्तींना फार लांबून येतो. आपली मंडळी चिवडा, लाडू घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. घ्या, काही हरकत नाही, पण पोचल्याबरोबर डबा स्वयंपाकघरात ठेवायला द्या. माकडं आणि बबून बॅगची चेन सहज उघडतात.

दुसरा नियम: अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवायला जाताना तो न्यायला येईल, परत सोडायलाही येईल. कारण रात्री पाणघोडे चरायला काठावर येतात. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये कधीही यायचं नाही. घाबरला की तो पाण्याकडे धावतो आणि वाटेत जे असेल ते तुडवतो. हत्ती समोर आला आणि कान फडकवून डोकं हलवू लागला, तर तो बहुधा दम देतोय. कान मागे दाबून, सोंड आत वळवून आला तर मामला गंभीर आहे. दोन्ही वेळा पळायचं नाही, पहारेकरी सांगेल तेच करायचं.

दिवस पाचच्या सुमाराला सुरू होतो. सकाळी सहा ते दहा गाडीतून फेरी, दुपारी झोप, चारला चहा घेऊन पुन्हा फेरी, ती अंधार पडल्यावर दिवा लावून चालते. बिबट्या दिसायची खरी वेळ तीच. पायी फिरायचं असेल तर सोबत वनखात्याचा बंदूकधारी रक्षक लागतोच. पायी सफारीची पद्धत याच खोऱ्यात वन्यजीवरक्षक नॉर्मन कार यांनी रुजवली. ‘बिग फाइव्ह’ची, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांची यादी घेऊन जाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, साउथ लुआंग्वात गेंडा नाही, शिकाऱ्यांनी संपवला. यादीत टिका मारत फिरणाऱ्यांची मला कीवच येते. थॉर्निक्रॉफ्ट जिराफ, ही जिराफाची एक उपजात, जगात फक्त याच खोऱ्यात आहे, त्याच्याकडे ते वळूनही बघत नाहीत.

कपडे खाकी, मातकट, फिके. काळे आणि गडद निळे नकोत. त्सेत्से माशी याच दोन रंगांकडे धावते आणि जीन्समधूनही चावते. तिला पकडायला झाडांवर निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतील, आपण चालता-बोलता सापळा कशाला व्हायचं? छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण 15 ते 20 किलो, तेही मऊ बॅगेत. विमानाच्या पोटाखालच्या खणात चाकांची कडक पेटी बसत नाही, ती धावपट्टीवरच राहते. तिथे प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. अडॅप्टर घ्या.

मलेरिया आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारून गोळ्या. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर, काही चार आठवडे चालू ठेवायच्या असतात आणि नेमक्या इथेच लोक थांबवतात. तसंच मुंबईहून नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. लस घेतल्याचा पिवळा दाखला नसेल तर परत आल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं, सहा दिवसांपर्यंत.

राहिला हंगाम. मे ते ऑक्टोबर कोरडा, प्राणी नदीवर गोळा होतात. ऑक्टोबरात पारा चाळिशी ओलांडतो. नोव्हेंबरात पाऊस येतो, रस्ते चिखलाने बंद पडतात, लांबचे बुशकॅम्प, म्हणजे जंगलातल्या छोट्या मुक्कामाच्या जागा, बंद होतात, दरही उतरतात. हत्ती स्वागतकक्षातून जाताना पाहायचे असतील तर जायचं नेमकं याच दिवसांत. आरक्षणाचे पैसे भरण्याआधी लॉजला ईमेल करून विचारून घ्या, यंदा झाडाला फळ किती धरलंय.