२८ वर्षांनी आला ईगल्सचा नवा अल्बम, आणि हिट झालं ते जुनंच गाणं

कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार घेऊन एक तरी पोरगा 'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजवायला स्टेजवर चढतोच आणि शेवटच्या सोलोला अडकतो. आमच्या कॉलेजात तो पोरगा मी होतो, असो. आज बोलायचंय ते गाणं करणाऱ्या अमेरिकन रॉक बँडबद्दल, ईगल्सबद्दल, पण त्या गाण्याबद्दल नाही.

१९७९ ला यांचा 'द लाँग रन' हा अल्बम आला, आणि पुढच्याच वर्षी जुलैत लाँग बीचला एका सिनेटरसाठी शो होता, तिथे बँडचे दोन गिटारवाले, ग्लेन फ्राय आणि डॉन फेल्डर, गाता गाता एकमेकांना दम देतायत, की अजून तीन गाणी राह्यलीत, मग बघतोच तुला! वर आवाज कसे एकजीव आणि खाली ही भांडणं. झालं, बँड फुटला. परत कधी वाजवणार विचारलं तर बँडचा ड्रमर-गायक डॉन हेन्ली म्हणायचा नरक गोठेल तेव्हा, म्हणजे आपलं ते सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा. १९९४ ला एकत्र आले तर अल्बमला नावच ते दिलं, 'हेल फ्रीझेस ओव्हर'. पण त्यात नवी गाणी फक्त चार, बाकी सगळं लाइव्ह.

पूर्ण नवा स्टुडिओ अल्बम आला थेट ३० ऑक्टोबर २००७ ला, 'लाँग रोड आउट ऑफ ईडन', दोन सीड्या, २० गाणी. तोवर फेल्डरला काढून टाकलेलं होतं. आणि गंमत बघा, अमेरिकेत हा अल्बम साध्या रेकॉर्डच्या दुकानात मिळतच नव्हता, वॉलमार्ट, त्यांचंच सॅम्स क्लब नाहीतर बँडची वेबसाइट, बास. आता एकाच दुकानदाराकडे विकलेला अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या मेन चार्टमध्ये धरायचेच नाहीत, पण पहिल्या आठवड्यात खपल्या ७ लाख ११ हजार कॉप्या, त्याच आठवड्यात ब्रिटनी स्पिअर्सचा नवा अल्बम २ लाख ९० हजारांवर, मग करणार काय, बिलबोर्डने नियमच बदलला आणि ही म्हातारी मंडळी एक नंबरवर!

पहिलं गाणं लावा, वाद्यं जवळजवळ नाहीतच, नुसते बँडमधल्या चौघांचे आवाज, एकावर एक बसलेले. मी हेडफोनवर ऐकत होतो, कोण वर गातंय कोण खाली ते शोधायचा प्रयत्न केला, नाही सापडलं. त्याच्या लगेच मागे 'हाऊ लाँग', ज्याला २००८ ला कंट्री संगीतातलं ग्रॅमी मिळालं, पण हे गाणं यांचं नाहीच, त्यांचा दोस्त जे. डी. साउदर याचं, त्याच्या १९७२ च्या अल्बममधलं. सत्तरच्या दशकात हे लोक स्टेजवर ते गायचे, रेकॉर्ड मात्र कधी केलं नव्हतं. म्हणजे कमबॅकचं सगळ्यात ताजं वाटणारं गाणं ३५ वर्षं जुनं!

माझं मत विचाराल तर २० गाणी जास्त झाली, सहासात कापली असती तर मजा आली असती. दुसऱ्या सीडीत टायटल साँग आहे, दहा मिनिटांच्या वर, इराक युद्धाचा राग त्यात आहे, ते सोडू नका, पण पुढची दोनतीन मी सरळ स्किप करतो, शिव्या घाला हवं तर.

शेवटचं मात्र स्किप करत नाही. 'इट्स युअर वर्ल्ड नाऊ', ट्रम्पेट, मेक्सिकन चाल, आणि फ्राय गातोय की आता ही दुनिया तुमची. २०१६ च्या जानेवारीत तो गेला, आणि तोवर बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम आलाच नाही.