लेबलवर नसलेली माणसं

रविवार सकाळ, पुण्याचा जुना बाजार. नळाच्या तोट्या, सायकलच्या चेन, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा, आणि त्याच ढिगात सुतळीनं बांधलेल्या ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्या. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांची ही जड चकती मिनिटाला 78 फेरे घेते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावतं.

आता सदाशिव पेठेत, एका संग्राहकांच्या घरी. त्यांचे हात पाहा. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. ब्रश फिरतो तो खाचांच्या दिशेनंच. स्पिरिटची बाटली इथे कुणी आत येऊच देत नाही, लाख त्यात विरघळते. लेबल भिजू नये म्हणून त्यावर रबरी झाकण. मग सुई. एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातल्या विनाइल तबकडीची सुई इथे कामाची नाही. या खाचा रुंद. बारीक सुई तळाला जाते आणि नुसती खरखर गोळा करते.

लेबल आणखी जवळून पाहू. गायिकेचं नाव, राग, कंपनीचा क्रमांक. तबल्यावर कोण? सारंगीवर कोण? बहुतेक लेबलं इथे गप्प.

1902 साली कोलकात्यात गायिका गौहरजान गायल्या, तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोवरला. गाणारं कोण हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गौहरजान गाणं संपताच आपलं नाव इंग्रजीत पुकारत. साथीदारांना कुणी पुकारायला सांगितलं नाही. मायक्रोफोन नव्हता. आवाज गोळा करणाऱ्या कर्ण्याच्या तोंडाशी गाणाऱ्यानं उभं राहायचं, तबला मागे. ध्वनिमुद्रण व्हायचं मेणाच्या चकतीवर, आणि डग्ग्याचा घुमारा तिच्यावर धड उमटतही नसे.

आणि पुढे इकडे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष! नाटकवेडे रसिक ही नावं कौतुकानं घेत. म्हणजे साथीला मान नव्हता असं नाही. छापणाऱ्यांना एक ओळ महाग वाटली असावी.

नावाबरोबर श्रेयही गेलं. लेबल पाहून भरलेल्या आजच्या डिजिटल याद्यांतही तो रकाना रिकामाच.

या खोलीत मात्र दोन बुजुर्ग तबलावादक कान देऊन बसलेत. बोलांच्या निकासावरून, म्हणजे ते हातातून कसे निघतात यावरून, घराणं झटकन सांगतात. वाजवणारा कोण, यावर अजून एकमत नाही. पुणंच हे, होईल कसं?